हत्तीला ओठ नव्हते

बालशिक्षणात गिरणी कामगारांनी केलेल्या कार्याची इतिहासाने अद्याप दखल घेतलेली नाही. ते कार्य काळाचौकीच्या आमच्या चाळीत, तावडेकाकींच्या खोलीत झालं, आणि ते मी केलं. दखल न घेतल्याबद्दल मी इतिहासाचा आभारी आहे.

गिरण्यांच्या संपाचा सहावा महिना होता. आमच्या मजल्यावर टीव्ही एकच, तावडेकाकींचा, आणि त्याचा आवाज गेला होता. दुरुस्ती संप मिटल्यावर, असं काकींनी जाहीर केलं. (तेव्हा लग्न, बारसं, दातदुखी, सगळंच संप मिटल्यावर होतं.) मोठ्यांचं फारसं अडलं नाही. पंचाईत झाली पोरांची. दर आठवड्याला टीव्हीवर एक ताई कापडी हत्ती, कासव आणि उंदीर घेऊन यायची. दुसऱ्याचं दुःख ओळखावं आणि प्रयत्न सोडू नये, एवढंच ती शिकवायची. पण इतक्या मायेनं, की आमच्या खात्यातला मुकादम महिनाभर तिच्याकडे शिकवणीला धाडावा. माझी साडेचार वर्षांची मंदा त्या हत्तीच्या नावानं आठवडाभर जेवायची. हत्ती मुका झालेला बघून तिनं भोकाड पसरलं.

"रडू नको," माझी बायको भरल्या खोलीत म्हणाली, "बाबांना ओठ वाचता येतात."

हे मात्र खरं होतं. मी सतरा वर्षं साचेखात्यात काढली. तिथे सगळे माग एकदम सुरू झाले की कानाचा उपयोग फक्त विडी ठेवायला. चार रांगा पलीकडच्या माणसाशी आम्ही ओठांवरून गप्पा मारायचो. काकींनी परीक्षा म्हणून बातम्या लावल्या. मी वाक्यामागून वाक्य सांगत गेलो.

"मेल्या, तू तर चालतो-बोलतो रेडिओ," काकी म्हणाल्या.

इतका मान मला गिरणीत कधी मिळाला नव्हता. मंदानं तो तीन मजल्यांवर वाटून टाकला.

पुढच्या कार्यक्रमाला एकोणीस पोरं जमली. ताईचा नमस्कार मी झोकात सांगितला. मग ताई पडद्यामागे गेली, हत्ती पुढे आला, आणि माझ्या लक्षात आलं की हत्तीला ओठ नाहीत. उंदरालाही नाहीत. कासवाचं तोंड तर नुसतंच दोऱ्यानं शिवलेलं.

"बाबा, काय म्हणाला?"

मंदानं मान वळवून पोरांकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"काय म्हणता रे तो?" काकींनीही विचारलं.

पडद्यावर उंदीर कोपऱ्यात एकटा उभा होता. बाकीचे खाली बसले होते. सहा महिने मी जे ऐकत होतो, तेच तोंडातून बाहेर पडलं. "हत्ती म्हणतोय, उंदराला आत घ्या. तोवर आम्ही उठणार नाही."

"आणि कासव?"

"कासवाचा पाठिंबा आहे."

हत्तीनं दोनदा सोंड वर केली. मी म्हटलं, घोषणा चालल्यात. एकोणीस पोरांनी त्या दिल्याही.

दोनच दिवसांनी बालवाडीच्या बाईंचा निरोप आला: असाल तसे या.

बाई शिस्तीच्या. रडणाऱ्या मुलानं बाहेर पायरीवर बसायचं, रडू थांबलं की आत यायचं, हा त्यांचा नियम. विजू नावाची नवी मुलगी आठ दिवस रडत होती. तिचं आजवरचं सगळं शिक्षण पायरीवरच झालं होतं. आत पोरं हाताची घडी घालून जमिनीवर बसलेली, दुधाचे पेले भरलेले, आणि सर्वांत पुढे मंदा.

"ही उठली नाही तर आजच नाव काढते," बाई म्हणाल्या.

जवळपास दुसरी बालवाडी नव्हती. "मंदे, ऊठ. दूध पी."

"विजूला आत घ्या."

"अगं, बाई रागावल्यात."

"तोवर उठायचं नाही. हत्ती म्हणाला. तूच सांगितलंस ना?"

सहा महिने नेटानं संपावर असलेला मी, आमच्या घराण्यातला पहिला संपफोड्या ठरत होतो.

"कोण हत्ती?" बाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं, शिवलेल्या तोंडासकट. मागून पोरं "विजूला आत घ्या" म्हणत होती. आपलंच नाव इतक्या तोंडांतून ऐकून विजू रडायची थांबली आणि दारातून डोकावू लागली. रडू थांबलं होतं. नियम बाईंचाच होता.

"ये आत," बाई म्हणाल्या.

विजू मंदाच्या शेजारी बसली. पेले रिकामे झाले. घरी जाताना पोरांनी चाळीपर्यंत मिरवणूक काढली; मंदाची चप्पल हातात घेऊन मी सर्वांत मागे होतो.

तावडेकाकींच्या भाचीच्या घरी टीव्हीला आवाज होता. तिच्याकडून पुढे कळलं, की त्या दिवशी हत्ती जेवणाआधी हात धुवायला सांगत होता.

बालवाडीचा संप पाऊण तासात यशस्वी झाला. आमचा अजून रीतसर मागे घेतलेला नाही.