टेकडीच्या वाटेचा नारळ

उमरखेडकडच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा टेकडीपलीकडच्या बाजारगावात. तिथं जायचा जवळचा रस्ता सरपंचाच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून होता. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला आणि त्या धुऱ्यावर बोरीच्या काटेरी फांद्या येऊन पडल्या. "ढोरं घुसतात," सरपंच म्हणे. ढोरं कोणाला म्हणतो ते आम्हाला चांगलं कळत होतं. दुसरा रस्ता नाल्यातून, लांबचा लांब, आणि पावसाळ्यात कमरेएवढं पाणी. मी चौथी पास झाले आणि घरी बसले.

माझा बाप पंचायतीत मेंबर होता. त्यानं हट्ट धरला, टेकडीवरून सगळ्यांसाठी पायवाट बांधा. सभेत लोक हसले. "बकऱ्या चढतातच, तुले पायऱ्या कायले पाह्यजेत?" पण बाप मोठा चिवट. सभा कशाचीही असो, हा आपलं तेच दळण दळी. शेवटी कंटाळून ठराव झाला. मग ठेकेदार मिळेना. एकानं खडक पाहूनच पाठ फिरवली, दुसरा चहा पिऊन गेला तो गेलाच. बाप स्वतः उमरखेडला गेला आणि एक म्हातारा ठेकेदार घेऊन आला. त्यानं अख्खी टेकडी पायाखाली घातली. पायऱ्या कुठं, कठडा कुठं, पाणी कुठून काढायचं, सगळीकडे चुन्याच्या खुणा केल्या. जाताना मला म्हणाला, "उन्हाळ्यात करून देतो पोरी. पाऊस लागला का शाळेत जाशीन." मी त्याच दिवशी जुन्या लुगड्याचं दप्तर शिवायला बसले.

काम सुरू व्हायच्या दिवशी सारं गाव टेकडीखाली जमलं. ठेकेदारानं नारळ काढला आणि बापाच्या हातात ठेवला. त्याची रीतच होती, ज्यानं काम आणलं त्याच्याच घरच्या हातानं नारळ फुटायचा. एके ठिकाणी ही रीत चुकली, दरड घसरली आणि त्याचा एक मजूर गेला. तेव्हापासून त्याची माणसं नारळाशिवाय कुदळ उचलत नसत. बिचाऱ्याच्या मनात मान द्यायचाच होता. पण माझ्या बापानं घरोघर फिरून लोकांना देव्हाऱ्यातले देव नाल्यात सोडायला लावले होते, त्यानं आता नारळ फोडायचा?

"आजवर माह्या हातचा नारळ देवळात बाटत होता," बाप म्हणाला. "आता तुमाले चालते, तं मले चालत नाही." आणि त्यानं नारळ खाली ठेवला.

"मंग राहू द्या काम," सरपंच म्हणाला. त्याला काय, आयतंच मिळालं. ठेकेदार हात जोडत होता. "भाऊ, माही माणसं चढत नाहीत, मी काय करू?" मजुरांनी कुदळी खांद्यावर घेतल्या. लोक म्हणतील बापाचा अभिमान वाटला असेल. छे. मला त्याचा भयंकर राग आला.

बायांच्या घोळक्यातून माय पुढं आली. ठेकेदाराला म्हणाली, "घरचं माणूस चालते ना?"

"चालते, बाई."

"हात लावू नको," बाप म्हणाला.

"तुमी तुमचं धम्माचं वचन पाळा. मी माह्या पोरीचं पाह्यतो." तिनं नारळ उचलला आणि खडकावर आपटला. मजूर टेकडी चढायला लागले.

वस्तीत बैठक बसली. आमचे देव सोडायला लावले आणि यांच्याच घरात नारळ फुटतो, असं लोक म्हणाले, आणि चूक काय म्हणाले? बापानं सगळ्यांसमोर माफी मागितली. मायनं मागितली नाही. त्यानंतर घरात बोलणं माझ्यामार्फतच. "तुह्या मायले सांग", "तुह्या बापाले सांग". जीव नकोसा व्हायचा.

वाट झाली. मी शाळेत जाऊ लागले. गावानं वाट वापरली, सरपंचाच्या घरच्यांनीही वापरली. एकटा माझा बाप तिच्यावर कधी चढला नाही. बाजाराला जायचं तरी नाल्यानं.

सातवीत मी पहिली आले. पावसाळ्यात शाळा उघडल्यावर मास्तरांनी बक्षिसासाठी आईबापाला बोलावलं. मी आणि माय टेकडीवरून गेलो. बाप पोचला तेव्हा बक्षीस देऊन झालं होतं. ओल्या धोतरानं तो दारातच उभा राहिला आणि इतक्या वर्षांनी थेट मायला म्हणाला, "वाट कशी झाली?"

"चांगली झाली," माय म्हणाली. "आता तरी चला वरून."

तो नाल्याकडे वळला. मला राहवेना. मी त्याच्या मागं पाण्यात उतरले. थोडं पुढं जाऊन त्याला चाहूल लागली.

"वापस जाय," तो म्हणाला. "तुले नाल्यातून चालवाले नव्हता आणला मी ठेकेदार."

मी परत फिरले. माय टेकडीच्या पायथ्याशी थांबली होती.