रिकामी फ्रेम आणि तीन फ्लॅश

फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र दुकानात पडून राहतात! लोणावळ्याच्या बाजारात आण्णांचा स्टुडिओ होता आणि मी तिथं रिटचिंग करायचो. म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांचे मुरूम घालवायचे. मुरूम गेले, किस्से काही जाईनात.

आण्णांनी एकदा मुंबईहून तीन फ्लॅशगन आणल्या. एकाच फ्लॅशनं माणसामागं काळी सावली पडते, तीन बाजूंनी उजेड टाकला की पडत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तीन गन, प्रत्येकीत एक बल्ब, आणि सगळ्यांतून कॅमेऱ्यापर्यंत वायरींचा गुंता! बल्ब एकदा लखकन उडाला की कामातून गेला. आण्णांनी शोकेसमध्ये मोठी रिकामी फ्रेम लावली आणि जाहीर केलं, "यात लागेल तो तीन फ्लॅशचाच फोटो!"

समोरचा चिक्कीवाला शेठ रोज सकाळी ओरडायचा, "आण्णा, फ्रेम छान आलीय हो!"

आमच्या पायरीवर सरूमावशी करवंदं विकायला बसायची. तिचे दोन लेक, धोंडू आणि बबन, एका फणसाच्या झाडावरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ती म्हणाली, "आण्णा, ती फ्रेम माज्यासाठी ठिवा. डोळं मिटायच्या आत दोगं माज्या शेजारी बगायचेत. खरं न्हाई तर फोटूत तरी."

"ठरलं!" आण्णा म्हणाले. ठरवायला यांचं काय जातंय!

*

पहिला प्रयोग आंबी गावातल्या एका लग्नात, गोरज मुहूर्तावर. एक फ्लॅश कॅमेऱ्यावर, एक माझ्या हातात. तिसरा धरायला नवरीचा मामा पुढं आला, फेटा सावरत. "मामा, नवरीकडे रोखा," आण्णांनी बजावलं. मामानं मान डोलावली आणि ऐन वेळी गन स्वतःच्याच तोंडासमोर धरली! त्या ओढाताणीत आमच्या दोन वायरी निसटल्या.

फोटोत नवरा-नवरी अंधारात आणि मामा झगमगीत. नवरीचा बाप म्हणाला, "लगीन कुणाचं लागलं म्हनायचं ह्ये?"

मामानं मात्र चार कॉप्या नेल्या.

*

मग मुंबईच्या एका बाईसाहेबांच्या बंगल्यावर पार्टी. दिवाणखान्यात जिकडंतिकडं आरसे. मी हळूच म्हटलं, "आण्णा, आरसे!"

"मला शिकवू नकोस!"

नाही शिकवलं. फोटोत तीन सूर्य उगवलेले आणि त्यांच्या मधोमध, तोंड वासून, आण्णा. बाईसाहेब शोधूनही सापडेनात. त्यांनी फोटो दोन बोटांत धरून विचारलं, "हा मनुष्य आमच्या घरात शिरला कसा?"

*

एका जत्रेत कुस्ती होती. दिवस कलायला आलेला, वरचा पैलवान खालच्याला चीत करणार एवढ्यात आमचे तिन्ही बल्ब एकदम उडाले. वरच्याच्या डोळ्यांपुढं काजवे! खालच्यानं तेवढ्यात त्याला उलथा केला. जिंकलेल्यानं आण्णांना खांद्यावर घेतलं, हरलेल्याच्या गावानं दगड हातात घेतले. आम्ही वायरी गळ्यात गुंडाळून पळालो.

फोटो मात्र अव्वल आला हो! पण हरलेल्या गावाचा बाजाराचा रस्ता आमच्या दारावरून जातो. लावतो कुठला!

"फ्रेम छान आलीय हो!" शेठ.

"लागला का फोटू?" मावशी. तिचा प्रश्न शेठच्या टोमण्यापेक्षा जास्त लागायचा.

*

शेवटी आण्णांना युक्ती सुचली. भर दुपारी मावशीच्या घरी गेलो, दारं-खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. मिट्ट काळोखात कॅमेरा उघडा ठेवला तरी बल्ब उडून उजळेल तेवढंच फिल्मवर उमटतं. आण्णांनी धोंडूला सांगितलं, "तुझा आणि आईचा फोटो." बबनलाही तेच.

धोंडू येऊन आईच्या डावीकडे उभा राहिला. बल्ब उडाला. आण्णांनी लेन्सवर टोपी घातली, धोंडूला मागच्या दारानं घालवला आणि पुढच्या दारानं बबनला घेतला. तो उजवीकडे. टोपी काढली, त्याच फिल्मवर दुसरा बल्ब. तिसरा नुसत्या मावशीवर, कारण तीन म्हणजे तीन! मावशी जागची हलली नाही. फक्त दोन्ही वेळा तिनं अंधारात लेकाचा हात ओढून आपल्या डाव्या खांद्यावर ठेवला.

फोटो शोकेसमध्ये लागला. आई मधे, दोन बाजूंना दोन लेक. मावशी पाटी खाली ठेवून कितीतरी वेळ काचेपुढं उभी होती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू! शेठही आला, चष्मा पुसून बघितलं आणि परत आपल्या गल्ल्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी धोंडू तणतणत हजर. "माज्या हातावर त्याचा हात हाय! तेवडा खोडा!"

तो बाहेर पडतो न पडतो तोच बबन. "माज्या हाताखाली त्याचा हात हाय! पुसा आदी!"

मी निगेटिव्हला भिंग लावलं. दोन हात एकमेकांत पार मिसळलेले, खांद्यावर बोटं सात, आणि कुठलं कुणाचं ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये! शेवटी मावशीलाच आत बोलावलं. तिनं भिंगाला नाक लावून बोटं मोजली. बाहेर तिचे लेक रस्त्याच्या दोन कडांना पाठ फिरवून उभे होते.

मावशी पायरीवर आली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "दोन बोटं जास्त हायती! कुणाची काढायची त्ये आदी दोगं एका जागी बसून ठरवा, आन् मग या!"