पहिला नकार

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. आता अर्थशास्त्र शिकवते, आणि माणसं निर्णय कशी घेतात यावर संशोधन करते. या विषयाची पुस्तकं मी विद्यापीठात वाचली, पण माझी पीएचडी बुडता बुडता वाचली ती लालबागला, आमच्या चाळीत, नारळाच्या वड्यांच्या ताटलीपाशी.

खेळ साधा होता. दोन माणसं, एक ताटली. पहिल्याने वाटणी सुचवायची, दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तर ज्याचा त्याचा वाटा. नाही म्हटलं तर ताटली परत, दोघांनाही काही नाही. पुस्तकी हिशेबाने दुसऱ्याने एक वडी मिळाली तरी घ्यावी. पण माणसं तशी नसतात. फार कमी दिलं की चिडतात आणि स्वतःचं नुकसान करून नाही म्हणतात. ते चिडलेलं 'नाही' मला अभ्यासायचं होतं, आणि तेही कॉलेजच्या पोरांचं नव्हे, माझ्या चाळीतल्या माणसांचं.

आईने वड्या थापल्या. मंडळाच्या खोलीत मधोमध चादर बांधली, म्हणजे समोर कोण आहे ते कळू नये. तरी खोकल्यावरून कळायचंच. अर्धा दिवस ताटली इकडून तिकडे नेऊन मी दमले, आणि निकाल पाहून हबकले. जवळजवळ सगळ्यांनी समोरच्याला अर्ध्याहून जास्त दिलं होतं. आणि जवळजवळ सगळ्या समोरच्यांनी 'नको' म्हटलं होतं. मी नियमाप्रमाणे ताटल्या उचलत गेले. संध्याकाळी वड्या होत्या तशाच घरी आल्या.

मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, हे दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. इतकं मिळत असताना नाही कोण म्हणतं? लोकांना खेळ समजलेला नाही, चाळ सोड आणि कॉलेजची मुलं घे, असं त्यांचं मत पडलं. विषय कमिटीपुढे जायचा होता. चाळ सोडली तर उरणारा विषय कुणीही केला असता, तो माझा नव्हता. आणि इकडे आईने मजल्यावर सांगून ठेवलेलं, आमची डॉक्टर होणार, सुई टोचणारी नाही, दुसरी मोठी.

शेजारच्या मावशी तर माझ्याशी बोलेनात. शेवटी जिन्यात गाठलं, तेव्हा म्हणाल्या, "एकदाच विचारलंस आणि ताटली उचललीस गो. असं कोण करतं?"

मग लक्षात आलं. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. पहिला नकार ही रीत आहे, उत्तर नव्हे. आणि मी, याच चाळीत वाढलेली, त्या नकारालाच उत्तर समजून बसले होते.

मॅडमना फोनवर हे पटेना. रीत कुठली आणि राग कुठला, हे वेगळं कसं काढणार, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, दुसऱ्यांदा विचारून. रीत वितळेल, राग टिकेल. स्वतः येऊन बघते म्हणाल्या.

आल्या. आईने चहा विचारला. "नको, आत्ताच घेऊन निघाले," मॅडम म्हणाल्या. आईने तोवर आधण ठेवलंही होतं. परत विचारल्यावर "अगदी नको". तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप". मी फक्त त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हसू नकोस. एका कपाने काही सिद्ध होत नाही."

आम्ही मंडळाच्या खोलीत गेलो. नवा नियम सांगितला, दोनदा विचारणार, दुसरं उत्तर धरणार. मावशींना भरपूर वड्या आल्या. नको म्हणाल्या. मी परत विचारलं. "आता एवढं म्हणतेस तर," असं म्हणून त्यांनी ताटली ओढून घेतली. एकामागून एक सगळे तसेच. नकार वितळले खरे, पण राग कुठेच दिसेना. सगळेच हो म्हणाले तर मी अभ्यास कशाचा करणार?

शेवटी बाबा बसले. चादरीपलीकडे त्यांचे कॅरमचे जोडीदार. त्यांनी मस्करीत एकच वडी पाठवली, बाकी सगळ्या स्वतःकडे. बाबांनी वडी पाहिली आणि म्हणाले, "नको."

मी परत विचारलं. मॅडमसमोर शोभा नको म्हणून दारातून आई त्यांना खुणावत होती, हो म्हणा, हो म्हणा.

"नको म्हटलं ना," बाबा म्हणाले. "ने परत. आणि त्यालाही काही देऊ नकोस. नियम आहे तुझा."

पलीकडून शिव्या ऐकू आल्या. मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "हा राग," म्हणाल्या. "चाळ सोडू नकोस. कमिटीशी मी बोलते."

घरी जाताना आई बाबांना सुनावत होती, पोरीच्या मॅडम आलेल्या, एवढी एक वडी गिळली असती तर काय झालं असतं. माझं सगळं बाबांच्या त्या नकारामुळेच जमलं, हे मी तिला सांगायला गेले, पण ती ऐकायला तयार नव्हती. आणि बाबांचा राग अजून उतरला नव्हता.

"एकच पाठवली गं त्याने," ते मला म्हणाले. "एकच."