नऊ भागांची मालिका

मध्य प्रदेशात, धारला बसस्टँडजवळ एक बाई ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. गिऱ्हाइकाचं नाव टाइप करण्याआधी ती ते मोठ्याने दोनदा म्हणते, आणि कागद टाचून झाल्यावर स्टेपलरवर उगाच आणखी एक थाप मारते. मराठी घरातली असून मराठी माणसाशीही ती हिंदीतच बोलते. त्याला कारण मी आहे.

लहानपणी तिने देवासला चित्रित झालेल्या एका मराठी बालमालिकेत मुख्य काम केलं. संवाद माझे होते. नऊ भागांत मालिका बंद पडली. संवाद मुलांना कळत नाहीत, असं वाहिनीने मला पत्राने कळवलं. मी माझ्या आजोबांची मराठी मुलांच्या तोंडी घातली होती. ते पत्र मी लपवलं आणि गणेशोत्सवात चारचौघांत म्हणालो, "पोरीची मराठी धड नाही, म्हणून बंद पडली."

काल हयातीच्या दाखल्यासाठी गेलो. "काका, अंगूठा लगाओ," ती म्हणाली. अंगठा टेकवता टेकवता मी सगळं सांगून टाकलं.

ती आधी हसली. "आई तो आज भी ताना मारती है, काका." मग रांगेतल्या माणसांना म्हणाली, "भिया, आधे घंटे में आना," आणि भर दुपारी शटर ओढलं. "चलो, यही बात आई को बोलो."

ती भराभर पुढे चालत होती. दाराशी पोचल्यावर तिने कडी वाजवली.

आतून आईने विचारलं, "कोण गं?"

"मैं हूँ," ती म्हणाली.