पाच वाजले की बाबांचे मेसेज गायब

माझ्या धंद्यात पुसलेल्या गोष्टीला फार किंमत आहे. मी अमरावतीच्या कोर्टात वकिली करते. कुणी काही पुसलं, फाडलं, जाळलं की समोरचा वकील आधी हात चोळतो. लपवायचं काही नव्हतं तर पुसलं कशाला? या एका प्रश्नावर मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. त्यामुळे ग्रुपवर 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं दिसलं की माझं डोकंच फिरतं. लिहिलं ना? मग राहू दे ना बापा! आम्ही काय खाणार होतो का तुला?

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर असे पुसणारे ढिगाने आहेत. शेजारचे काका सकाळी नळ आला नाही की नगरसेवकापासून थेट मंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात. तो मेसेज वाचून आम्ही अजून बादल्या मोजतोय, तोवर पुसूनही टाकतात. मी एकदा गेटपाशी गाठून विचारलं तर म्हणाले, "वहिनी, रागात लिहिलं होतं. आता नळ आला. मंग कायले ठेवायचं?" कोपऱ्यावरच्या घरातल्या मावशींनी सुनेच्या भाकरीबद्दल जे बहिणीला लिहायचं होतं ते सगळ्या कॉलनीला लिहिलं. चूक कळल्यावर घाईघाईने पुसलं, पण फक्त स्वतःच्या फोनमधून. त्या निर्धास्त झोपल्या, आणि आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये, सुनेच्यासुद्धा, ती भाकरी सुखरूप. आणखी एक जावईबापू आहेत. उन्हाळ्यात अमरावतीचं ऊन भारी की अकोल्याचं, यावर ग्रुपवर जुंपली. अकोलेवाल्यांना आपल्या उन्हाचा केवढा अभिमान! जावईबापूंनी लिहिलं की अकोल्यात ऊन कमी आणि त्याच्या गोष्टीच जास्त. मग त्यांच्या लक्षात आलं की सासरेबुवा अकोल्याचे आणि ग्रुपवर हजर. मेसेज असा गेला की जणू नव्हताच.

कुणी रागाने लिहून पुसतं, कुणी भीतीने, कुणी बायकोने डोळे वटारले म्हणून. पण हे सगळे हौशी. खरा पुसणारा आमच्याच घरात निघाला, आणि त्याच्यापायी माझी झोप उडाली.

माझे बाबा गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आई आणि ते अकोल्यात राहतात. त्यांचा एक जुना विद्यार्थी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं आसपासच्या गावांत विखुरलेली, रोज येणं जमत नाही, म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. दुपारभर सर गणितं सोडवून देणार, आणि संध्याकाळी सात वाजता मी राज्यघटना शिकवणार. बापलेकीचा जोडधंदा, तोही फुकटचा. बाबा इतके खूश, की पहिल्या दिवशी घरातच, फोनसमोर, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते म्हणे.

दिवसभर कोर्टात मला फोन उघडायला सवड नसते. संध्याकाळी ग्रुप उघडला की काय दिसायचं? पोरांचे प्रश्न, त्याखाली 'समजलं सर', 'धन्यवाद सर', आणि मधले बाबांचे मेसेज सगळे पुसलेले. एखादा दिवस म्हटलं चुकलं असेल, म्हातारा माणूस. पण रोज? अगदी ओळीने?

मी घाबरले. खरंच घाबरले. बाबांचं वय झालं आहे. मला वाटलं, त्यांची गणितं चुकायला लागली असणार, आणि कुणाला कळू नये म्हणून पुसत असणार. ज्या माणसाने भाजीवाल्याकडेसुद्धा कधी कागदावर बेरीज केली नाही, त्याला हे विचारायचं कसं? मी आईला फोन करून आडून आडून विचारलं. "बाबा बरे आहेत ना?"

"कावून? काय धाड भरली त्याईले?" आई म्हणाली. "आत्ताच भरीत होतं म्हणून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

हे असं चालू असताना एका संध्याकाळी, माझ्या तासाच्या थोडं आधी, ग्रुपवर एका मुलीचा मेसेज आला. 'सर, माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ. पण देऊन पुसत जाऊ नका. फार लागतं.' मी वाचते न वाचते तोच तिनेही तो पुसून टाकला.

आता मात्र मला राहवेना. मी तिला फोन लावला.

"चुकून गेला मॅडम," ती म्हणाली.

"बाई, मी वकील आहे. 'चुकून' हा शब्द मी रोज ऐकते. खरं सांग."

हळूहळू बोलायला लागली. तेल्हाऱ्यात एका कापडाच्या दुकानात कामाला होती. मालक कामावर आल्या आल्या सगळ्यांचे मोबाइल गल्ल्याच्या खणात ठेवून घ्यायचा, ते साडेसहाला सुटी झाली की परत मिळायचे. सकाळी निघायच्या आधी ती आपला प्रश्न ग्रुपवर टाकायची. संध्याकाळी मोबाइल हातात आला, इंटरनेट चालू केलं, की सरांचं उत्तर पुसलेलं. परीक्षा तोंडावर आली होती. "बाकीच्याईले भेटते मॅडम. ते धन्यवाद म्हणतात ना, दिसते मले. फक्त मलेच भेटत नाही."

मी काही म्हणणार तोच ती पुढे म्हणाली, "राग नका येऊ देऊ मॅडम. ग्रुपवर माह्यं पूर्ण नाव हाये. आडनाव पाहून तं..." आणि थांबली.

मला चटका बसला. 'आमचे बाबा तसे नाहीत' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक आरोपीची लेक हेच म्हणते. मी नुसतं 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी घटना काय शिकवली, मला आठवत नाही.

रविवारी सकाळीच अकोल्याची एसटी पकडली. घरी पोचल्यावर जेवले, आईशी गोष्टी केल्या, पण डोळा बाबांवर. ते टेबलाशी बसून एका बोटाने पोरांना गणितं लिहून देत होते. मी मागून वाचली. एकही चूक नाही. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! पाच वाजले, तसा त्यांनी चष्मा नीट केला आणि एकेक मेसेज दाबून धरून पुसायला लागले. अगदी शांतपणे, वरून खाली.

"बाबा! काय करून राहिले तुमी?"

"फळा पुसून राहिलो," बाबा मान वर न करता म्हणाले.

"कोणता फळा?"

"अव, तास संपला का मास्तरनं फळा पुसून निघावं. पुढच्या मास्तरले आपला पसारा कावून? सारी नोकरी झाली, एक दिवस फळा भरलेला सोडला नाही म्या."

"आणि इथे पुढचा मास्तर कोण आहे?"

आता मात्र त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे असे पाहत राहिले, की हिला एवढंही कळू नये! "तू ना व. सात वाजता तुहा तास राहते ना? तू तिथं घटना शिकवून राहिली, अन् वर माही नळ-टाकीची गणितं लोंबकळून राहिली, तं कसं दिसन?"

मी आधी हसले. पोट धरून हसले. आई स्वयंपाकघरातून विचारायला आली की झालं काय. जगात कुणी भांडण लपवायला पुसतं, कुणी भाकरी लपवायला, आणि माझा बाप रोज माझ्यासाठी फळा स्वच्छ करून ठेवत होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग मी त्यांना त्या मुलीबद्दल सांगितलं. दुकान, गल्ल्याचा खण, परीक्षा, सगळं. आडनावाचंही सांगितलं. ते लपवून चाललं नसतं.

बाबांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तिचं दुकान कधी बंद राहते?"

"सोमवारी."

"उद्या सोमवारच हाये."

"बाबा, फोन करा ना तिला. नाहीतर आता पुसू नका म्हणजे झालं."

"फोनवर नाही होत," ते म्हणाले, आणि आईला सकाळची दशमी बांधायला सांगून मोकळे झाले.

माझी सोमवारी कोर्टात एकही तारीख नव्हती, मीही निघाले. मुलीला कळवलं होतं. एसटीत बाबा गप्प बसले होते. एरवी हा माणूस खिडकीतून प्रत्येक वावरातल्या पिकावर मत देतो. कपाशीची बोंडं, तुरीची उंची, कुणाचा बांध कुठे सरकला, सगळं. त्या दिवशी नुसते समोर पाहत होते. मी एकदोनदा डिवचूनही पाहिलं. "हूं" म्हणाले.

तेल्हाऱ्यात मुलीचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची चळत. मुलीची आई त्या दिवशी कामावर गेली नव्हती, तिने आमच्यासाठी आधीच चहा टाकला होता. खुर्ची पुढे केली तरी बाबा बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं, फळ्याचं, सवयीचं, माझ्या सातच्या तासाचं. मुलगी मान हलवत होती. पण तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं. साक्षीदार ओळखता येतात मला.

मग तिने एकदम सांगूनच टाकलं. "सर, मले वाटलं, माह्यं आडनाव वाचून तुमी पुसता."

"चूप व!" तिची आई म्हणाली. "सर घरी आले अन् तू हे काय बोलून राहिली?"

"बोलू द्या तिले," बाबा म्हणाले. मग खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खरं तर टेकले. "तुले तसं वाटलं त्यात तुही चूक नाही पोरी. तसे मास्तर असतात. म्या पाह्यले हायेत. त्याईच्या बाजूच्या खुर्चीवर बसून डबा खाल्ला म्या, अन् काही बोललो नाही."

हे मला नवीन होतं. बाबांनी हे आईलाही कधी सांगितलं नसेल. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. मी काहीच केलं नाही, चहाचा कप धरून बसले.

"आण," बाबा म्हणाले. "दाखव काय अडलं."

तिने कागदांचा गठ्ठा आणला. एकेक गणित, बारीक अक्षरात, कागदाची एकही बाजू कोरी न सोडता. बाबा बोट फिरवत वाचत गेले. पहिलं. दुसरं. पुढचं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या.

"अव, हे तं सारं बरोबर हाये."

"हो का सर?"

"हो का म्हंजे? सारं येते तुले. मंग विचारत कायले होती?"

"बरोबर हाये का नाही, हे मले कोण सांगन सर? दुकानात कोणाले विचारू? गिऱ्हाइकाले? का मायले?" तिची आई पदर तोंडाला लावून हसली. पोरगी मात्र हसली नाही. "गणित म्या करूनच टाकत होती. खाली तुमी बरोबर लिहिलं का चूक, तेवढंच पाह्याचं राहे."

बाबांनी कागद मांडीवर ठेवले. "लिहिलं होतं व पोरी," ते म्हणाले. "रोज लिहिलं होतं, फक्त कोणाले, ते ध्यानात नव्हतं राह्यलं. तुह्या गणिताखाली तेवढंच लिहायचं राहे मले. बरोबर."

मग तीच म्हणाली, "तं आता लिहा ना सर. तिथंच, ग्रुपवर. सगळ्याईच्या समोर."

बाबांनी खिशातून फोन काढला. एका बोटाने लिहायला त्यांना नेहमीच वेळ लागतो. तिचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं, 'हिची आजवरची सगळी गणितं बरोबर आहेत.' मला वाचून दाखवलं, आणि पाठवलं.

फळीवर ठेवलेला तिचा मोबाइल वाजला. सर समोर बसलेले होते, सगळं आत्ताच कानांनी ऐकून झालं होतं. तरी ती उठली, मोबाइल घेतला आणि भिंतीकडे तोंड करून वाचत उभी राहिली. बराच वेळ. मग तो तिने आईच्या हातात दिला. आईने तो दोन्ही हातांत धरला, उलटसुलट करून पाहिला, आणि विचारलं, "काय लिहिलं व सरांनी?"

"बरोबर हाये म्हणते."

"सारं?"

"सारं."