फणसाखालचा ठिपका

मुलांनो, आजी आता भरकटायला लागली, असं तुमच्या बाबाला वाटतंय. म्हणून हे आजच लिहिते आहे.

काल त्याचा फोन आला. "आई, एकटी तळ्यावर कशाला गेलीस?"

"अरे, मी परसात फणसाखाली आठळ्या सोलते आहे."

"माझ्या फोनच्या नकाशात तुझा ठिपका तळ्यात दिसतोय."

"मग पोहत असेन!"

तो हसला नाही. मला इथून हलवण्याचंच बोलू लागला.

आज फोन घेऊन गच्चीत बसले, तर ठिपका मुकाट्याने घरावर आला. उपग्रहांचे संकेत फणसाच्या पावसाने भिजलेल्या पानांत क्षीण होतात, शेजारच्या नव्या इमारतीवर आपटून वळसा घेऊन येतात, आणि फोनचा अंदाज चुकतो. गंमत अशी, की अशाच बिघडलेल्या संकेतांवरून जमीन किती ओली, झाडी किती दाट, हे ओळखणारी माणसं आहेत. म्हणजे भरकटलेला ठिपकाही आजूबाजूचं खरंच सांगत असतो. माणूस चुकतोय असं वाटलं, तर तो कुठे बसलाय, हे आधी विचारावं.

बाबाला सांगा, फणस अजून उभा आहे आणि मी त्याच्याखालीच बसते.