अंधारात संपणारं स्तोत्र

शनिवारी दुपारी बायकोने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "उद्या अठ्ठ्याऐंशीवं वाचायचंय." मी पंख्याखाली पेपर वाचत बसलो होतो. तो तसाच मांडीवर ठेवला आणि म्हटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असणार.

चेन्नईजवळच्या या आवडी गावात आमची मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. बहुतेक सगळी संरक्षण कारखान्यांतल्या नोकऱ्यांपायी नगरकडून इथे आलेली. रविवारी सकाळी आम्ही तमिळ चर्चला जातो आणि महिन्यातून एकदा संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमून आपल्या भाषेत बायबल वाचतो, गातो, चहा पितो. ज्यांच्या घरी सभा, त्यांनी स्तोत्र निवडायचं, असा रिवाज आहे. या रविवारी पाळी आमची होती. वाचायचं काम माझं. मी कारखान्यात सुपरवायझर होतो तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे आणि निवृत्त झालो तरी यातून काही सुटका नाही. एवढ्या वर्षांत कुणी अठ्ठ्याऐंशीवं निवडलेलं मला आठवत नाही.

त्याला कारण आहे. बायबलमधली स्तोत्रं म्हणजे माणसाने थेट देवाशी केलेलं बोलणं. त्यात स्तुती आहे, तशी रडारड आहे, भांडणं आहेत, शत्रूचं वाटोळं होऊ दे अशी मागणीही आहे. पण कितीही रडलं तरी माणूस बहुतेक वेळा शेवटी सावरतो आणि देवावर भरवसा टाकून मोकळा होतो. हे स्तोत्र मात्र सावरतच नाही. यातला माणूस रात्रंदिवस हाका मारतो, देव त्याच्यापासून तोंड लपवतो, जिवाभावाची माणसं दूर होतात आणि शेवटी सोबतीला अंधार तेवढा राहतो. तिथेच ते संपतं.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणालो. "माणसं येतात ती चार घटका बरं वाटावं म्हणून."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "मी कुठे निवडलंय? पोरीने निवडलंय. उद्या येतेय ती."

आमची मुलगी उन्हाळ्यापासून आमच्या घरी आली नव्हती. ती चेन्नईत टी. नगरला राहते, फार लांब नाही. मधल्या काळात ती तिच्या आईशी फोनवर बोलायची. मी जवळ आहे असं कळलं की मग दुसरंच काहीतरी काम निघायचं.

"एक अट आहे," बायको म्हणाली. "वाचून झाल्यावर तुम्ही देवाची वकिली करायची नाही. तसं झालं तर ती उठून जाणार, आणि अहो, मग ती परत यायची नाही. मी तिला ओळखते."

उन्हाळ्यात काय झालं ते थोडक्यातच सांगतो, जास्त मला जमणार नाही. तिचे दिवस भरत आले होते. बायकोने कुंची शिवून ठेवली होती, दुपटी धुऊन उन्हात घातली होती, डिंक तळून डबा भरून ठेवला होता. एका सकाळी मुलीला बाळाची हालचाल जाणवेना. एग्मोरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. कुठे काही चुकलं नव्हतं, कुणाला बोल लावायला जागाच नव्हती. मुलगी झाली होती, नाकडोळे सगळे व्यवस्थित. तिला तीच कुंची घालून आम्ही पुरलं.

कबरस्तानात मी वाचलं ते मेंढपाळाचं स्तोत्र, जे सगळ्यांना पाठ असतं. माझे वडील गावोगाव फिरणारे प्रचारक होते. दुःखाच्या घरी कडू ओळी वाचायच्या नाहीत, माणूस देवावर रुसतो, हे त्यांनी मला घालून दिलेलं. म्हणून वाचताना असल्या ओळी आल्या की मी त्या गाळून पुढे जायचो, इतक्या सराईतपणे की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे. त्या दिवशीही मी मरणाच्या दरीची ओळ गाळून हिरवी कुरणं आणि संथ पाणी तेवढं वाचलं आणि मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "देवाची इच्छा, बाळा. त्याचं काही चुकत नाही." तिने माझा हात बाजूला केला. ते काही तिने रागाने केलं नव्हतं. खांद्यावर बसलेलं काहीतरी झटकावं तसं केलं.

मी धरून चाललो होतो की पोरीचा विश्वास उडाला. बायकोशीही तसंच बोललो होतो. आणि आता हीच पोरगी आडबाजूचं एक स्तोत्र नंबरासकट मागत होती. म्हणजे ती बायबल वाचत होती. इतके महिने, माझ्याशी एक शब्द न बोलता, ती पान पान वाचत होती.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली. किती वाळली होती. गाडीला गर्दी होती, एवढंच म्हणाली आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. जावयाला शिफ्ट होती. हळूहळू बाकीचे आले. समोरच्या फ्लॅटमधल्या मामी आल्या. त्या तंजावरी मराठी, शाळेत शिकवायच्या. देवधर्म त्यांचा वेगळा, घरी रोजची पूजा आणि स्तोत्रं. पण मराठी कानावर पडावं म्हणून त्या आमच्या सभेला हटकून येतात आणि शेवटी प्रसादासारखा चहा घेऊन जातात.

मी वाचायला लागलो. आयुष्यभर ज्या ओळी गाळल्या त्या एकामागून एक तोंडाने म्हणायच्या, हे भलतंच जड काम आहे. आणि मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. कविता, गाणं म्हणून सोडून देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. माणूस सरळ देवाला म्हणतो की हे तू केलंस. मला खड्ड्यात तू टाकलंस, माझी माणसं तू माझ्यापासून तोडलीस. दैव नाही, सैतान नाही, नशीब नाही, तू. कारखान्यात माझ्या हाताखालच्या माणसाने साहेबांना उद्देशून असा अर्ज लिहिला असता तर मी तो माझ्या टेबलावरच थोपवला असता. देवाच्या बाबतीतही मी तेच करत आलो होतो. वरपर्यंत काही जाऊ द्यायचं नाही. आणि इथे तर तो अर्ज त्या साहेबाने स्वतःच जपून आपल्या पुस्तकात घातलेला होता, एक अक्षर न खोडता, खाली स्वतःचं उत्तरही न लिहिता. हा कसला देव आहे, असं माझ्या मनात आलं आणि मीच दचकलो. माझा देव असा नव्हता. माझा देव असलं ऐकून घेणारा नव्हता.

शेवटची ओळ झाली. अंधार. मी थांबलो.

"ह्यास फलश्रुती नाही?" मामींनी हळूच विचारलं. त्यांच्या स्तोत्रांना शेवटी फळ सांगितलेलं असतं, वाचणाऱ्याला काय मिळेल ते. "इतकंच? देवास असं सांगून सोडून द्यायचं काय?"

"इतकंच आहे, मामी," माझी मुलगी म्हणाली. त्या संध्याकाळी ती मोठ्याने बोललेलं हे पहिलं वाक्य.

आमच्याकडे वाचन संपलं की लगेच स्तुतीचं गीत घ्यायचं असतं. सभा रडक्या तोंडाने मोडू नये म्हणून. माझं तोंड सवयीने उघडलंसुद्धा, पहिला सूर घशात आला होता. तेवढ्यात बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

आणि मुलगी प्रार्थना करायला लागली. डोळे मिटून, हात मांडीवर. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सुरुवात मराठीत केली. "प्रभू, मी तुझ्याशी गोड बोलायला आलेली नाही." पुढे तिला मराठी पुरेना. लहानपणापासून तिचं असंच आहे, राग आला की ती तमिळवर जाते. "एन?" तिने विचारलं. का? परत विचारलं, परत. तू होतास कुठे? नऊ महिने तू तिला घडवत होतास ना, मग शेवटच्या दिवशी हात का काढून घेतलास? तुला मुलगी हवी होती तर माझीच कशाला? मला तू आवडत नाहीस, ती म्हणाली. तरी तुझ्याशिवाय हे विचारू कुणाला?

देवासमोर असं बोलताना मी जन्मात कुणाला ऐकलं नव्हतं. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे आता आवरा हिला. मला मात्र भलतीच गोष्ट लागली होती. माझ्याशी ती इतके महिने भांडलीसुद्धा नव्हती. मला तिने नुसतं बाजूला केलं होतं, त्या दिवशीच्या माझ्या हातासारखं. ती भांडत होती ती देवाशी, आणि ज्याला आपण सोडून दिलं त्याच्याशी कुणी इतकं कडाडून भांडत नाही. ती त्याची होती. माझी राहिली होती की नाही, ते मला माहीत नव्हतं.

ती थांबली. प्रार्थना संपली, पण कुणी हलेना. आमच्या सभेत प्रार्थनेला पहिलं आमेन वाचणाऱ्याने म्हणायचं असतं, मग बाकीचे म्हणतात. आमेन म्हणजे असंच असो, हे खरं आहे, मी या बोलण्यात सामील आहे. ते म्हटल्याशिवाय प्रार्थना सगळ्यांची होत नाही, बोलणाऱ्याची एकट्याची राहते. सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. मुलीचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण तिने पर्स जवळ ओढून घेतलेली मला दिसली. ती उठायच्या तयारीत होती.

मला वडील आठवले. देवाची भीती वाटली, हे लिहायला लाज कशाला. याला आमेन म्हणायचं म्हणजे देवावरच्या आरोपाखाली आपलीही सही करायची. आणि मग मला तो छोटा जीव दिसला, कुंचीतला, आणि माझ्या लक्षात आलं की माझीही नात गेली होती आणि मी एकदाही कुणाला का म्हणून विचारलं नव्हतं. देवाची बाजू सांभाळण्यात मला वेळच मिळाला नव्हता.

"आमेन," मी म्हणालो. आवाज फाटला. म्हणून पुन्हा म्हणालो.

मागोमाग बायको म्हणाली. मग एकेक करत बाकीचे. ते वयस्कर गृहस्थ सर्वांत शेवटी, पण म्हणाले. मामींचे हात जोडलेले होते.

मुलीने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. देव काय करील याची तयारी करून ती आली असेल, माझ्या आमेनची तिने केलेली नव्हती.

"पप्पा," ती म्हणाली आणि पर्स पुन्हा बाजूला ठेवली. "मी जेवून जाते."